कॅम्पिंगला जळण कापायला हलका चेनसॉ – कोणता घ्यावा?

भटका_जीव

नमस्कार मंडळी. आमचा पाच-सहा जणांचा गट आहे. गाडीने जातो, दोन-तीन रात्री तंबू ठोकतो, आणि शेकोटीशिवाय आमची संध्याकाळ होत नाही. पडलेलं लाकूड वापरायची परवानगी असेल तिथे जळण आम्हीच गोळा करतो. आजवर कुऱ्हाडीवर निभावलं. पण मांडीएवढा वाळका ओंडका तंबूपासून वीस पावलांवर पडलेला असतो आणि आम्ही टॉर्च घेऊन काटक्या वेचत फिरतो, हे आता पुरे झालं.

हलका चेनसॉ घ्यायचाय. पेट्रोल की बॅटरी? बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) किती इंची? ते चार-सहा इंची मिनी सॉ हल्ली सगळीकडे दिसतात, ते या कामाचे आहेत की नुसतं खेळणं? गटात कुणीच याआधी चेनसॉ चालवलेला नाही. 'घेऊच नका' असं म्हणणं असेल तर तेही चालेल, पण कारण द्या.

दोन_स्ट्रोक

कारणं द्यायला बरेच जण येतील, तोवर मी उत्तर देऊन टाकतो. पेट्रोलचाच घ्या. स्टिल एमएस १७० बघा. ३०.१ सीसी, १.२ किलोवॉट, वजन ३.९ किलो. साधं मशीन आहे, उघडून दुरुस्त करता येतं. लिटरभर इंधनात तुमच्या दोन-तीन रात्री निघतील आणि वर उरेल. बॅटरी संपली की हातात फक्त महागडा ठोकळा उरतो.

फाटकी_सॅक

ते ३.९ किलो बार, चेन आणि इंधन सोडून आहे हो. माहितीपत्रकात खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, तिथवर कुणी वाचत नाही. बार-चेन चढवा, दोन्ही टाक्या भरा, की पाच किलोच्या आसपास गेलंच. बॅटरीवाल्यांचंही तेच, ठळक अक्षरातलं वजन बरेचदा बॅटरीशिवायचं असतं.

आणि नुसता सॉ थोडाच नेणार? मिश्र इंधनाचा कॅन, चेन ऑइल, जादा चेन, कानस, पाना, बारचं आवरण, हेल्मेट, संरक्षक पँट. हे सगळं धरलं तर 'हलका' चेनसॉ गाडीत ठेवताना नऊ-दहा किलोंचा झालेला असतो. गाडीने जाताय म्हणून चालेल. पण तुलना करायचीच तर पूर्ण संचाची करा, दोन मशीनमधल्या पाव किलोच्या फरकावर वेळ घालवू नका.

काटकी

मी 'घेऊच नका' गटातली. कारणासकट.

शेकोटीला लागतं काय? मनगटाएवढ्या जाडीचं वाळकं लाकूड, थोड्या काटक्या, आणि रात्री उशिरापर्यंत तग धरायला दोन-चार दंडाएवढे तुकडे. मनगटाच्या आतलं लाकूड दोन झाडांच्या बेचक्यात अडकवून जोर लावला की मोडतं, त्याला हत्यारच लागत नाही. दंडाएवढ्याला घडीची करवत पुरते. बाहको लॅपलँडरचं पातं १९० मिलिमीटर, सिल्की बिगबॉयचं ३६०. बिगबॉय ओढताना कापतो, दोन्ही हातांनी धरता येतो. वाळक्या, दंडाएवढ्या फांदीला किती वेळ लागतो ते एकदा बघाच, चेनसॉ खोक्यातून काढून होईपर्यंत तुकडा खाली पडलेला असतो.

मांडीएवढा ओंडका कापायची हौस मला कळते. पण कापलात तरी तो तसाच जळत नाही, फोडावा लागतो. म्हणजे कुऱ्हाड आणि पाचर आलीच. त्यापेक्षा शंभर पावलं पुढे जा, बारीक लाकूड मिळतं.

दोन_स्ट्रोक

शंभर पावलं पुढे, मग दोनशे, मग तीनशे. गर्दीच्या कॅम्पच्या आसपास बारीक लाकूड शिल्लक राहतच नाही, म्हणून तर मोठे ओंडके पडून असतात ना?

काटकी

हा मुद्दा मान्य. पण तिथे मग जळण विकत घ्यावं. तेही मुक्कामाच्या जवळचंच. लांबून आणलेल्या सरपणातून किडी आणि रोग एका जंगलातून दुसऱ्यात जातात, म्हणून काही ठिकाणी बाहेरचं लाकूड आणायलाच बंदी असते. आणि अनेक राखीव जंगलांत पडलेली काडी उचललेलीही चालत नाही, यंत्र तर दूरच. धागाकर्त्यांनी परवानगीचं आधीच लिहिलंय, म्हणून लांबण लावत नाही.

ओहमचा_नियम

पेट्रोल विरुद्ध बॅटरी हा वाद आकड्यांत मांडून बघू.

१८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ९० वॉट-तास. एक लिटर पेट्रोलमध्ये ढोबळमानाने ९,००० वॉट-तास. शंभरपट. छोटं टू-स्ट्रोक इंजिन त्यातल्या फार तर पाचव्या हिश्श्याचं काम करून दाखवतं, बाकीची उष्णता आणि धूर. मोटर चार-पंचमांशापर्यंत जाते. सगळं वजा करूनही लिटरभर पेट्रोल सुमारे पंचवीस बॅटऱ्यांना भारी पडतं. दोन_स्ट्रोक कागदावर बरोबर आहेत.

पण आता उलट बाजूने बघा. धडधाकट माणूस तासन्तास टिकेल अशा वेगाने काम करतो तेव्हा ७५ वॉटच्या आसपास शक्ती देतो. म्हणजे एका बॅटरीत माणसाच्या तासाभराच्या सलग मेहनतीएवढं काम भरलेलं आहे. हातकरवतीच्या कापाची फट दीड-दोन मिलिमीटरची, चेनसॉची पाच ते सात, त्यामुळे त्यातलं बरंचसं भुशात जातं, हेही खरं. तरी दोन बॅटऱ्या असतील तर शेकोटीपुरतं जळण निघायला हरकत नाही. शिवाय दोन कापांच्या मधे, तुकडा उचलताना, पुढचा ओंडका सरकवताना बॅटरीचा सॉ काहीच खात नाही, पेट्रोलचा गुरगुरत बसतो. जळण कापताना वेळ कापण्यात कमी आणि उचलठेवीतच जास्त जातो.

तुमच्याकडे आधीच कुठल्या कंपनीचं बॅटरीचं ड्रिल वगैरे असेल तर त्याच बॅटरीवर चालणारा सॉ घ्या. निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. आणि चेन बारीक फटीची घ्या. १.१ मिलिमीटर गेजची (गेज म्हणजे बारच्या खोबणीत बसणाऱ्या दुव्यांची जाडी) चेन कमी लाकूड खाते, त्याच बॅटरीत जास्त काप निघतात.

थंडीत जात असाल तर एक लक्षात ठेवा. बॅटरी गार पडली की कमी देते, ती जॅकेटच्या आत ठेवा. शून्य अंशाखाली असलेली लिथियम बॅटरी चार्जिंगला लावू नये, आधी उबदार जागी येऊ द्यावी.

दोन_स्ट्रोक

ओहमचा_नियम, हिशोब आवडला. पंचवीसपट म्हणालात, मला तेवढं पुरे. :)

पण नवख्याला पेट्रोलच्या सॉचं एक पथ्य सांगायलाच हवं, ते मीच सांगतो. साधं पेट्रोल ओतायचं नाही. टू-स्ट्रोकमध्ये वंगण इंधनातूनच जातं, तेल नसेल तर पिस्टन जाम होतो आणि मशीन संपलं. या वर्गातल्या बहुतेक सॉना ५० ला १ मिश्रण लागतं, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल. तरी आपल्या मशीनच्या पुस्तिकेत बघून घ्यावं. मिश्रण महिन्या-दोन महिन्यांत संपवा. इथेनॉलवालं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं आणि पडून राहिलं की कार्ब्युरेटर चोंदतो.

सुरमई_संध्याकाळ

हेच तर! कॅम्पिंगला माणूस वर्षातून काही वेळाच जाणार. मधल्या काळात सॉ कोपऱ्यात. पेट्रोलचं मशीन रोज वापरणाऱ्याकडे खूश असतं, आपल्यासारख्यांकडे रुसतं. ऐन अंधारात दोरी ओढून ओढून खांदा भरून आलेले महाभाग आम्ही शेजारच्या तंबूतून पाहिलेत.

आणि आवाजाचं कुणी बोललंच नाही. पेट्रोलचा चेनसॉ चालवणाऱ्याच्या कानाशी १०० डेसिबलच्या वर सहज जातो. ८५ डेसिबल आठ तास चालतात असं धरलं, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. कानावर मफ हवेतच. बाकीच्या तंबूंना मफ कोण देणार?

फाटकी_सॅक

+१. बॅटरीचाही आवाज असतोच, पण ट्रिगर सोडला की शांत.

टॉर्चवाला

मिनी सॉचा प्रश्न राहिला. माझ्याकडे एका बिननावाच्या कंपनीचा सहा इंची आहे, म्हणून लिहितो. तीन इंची फांदीपर्यंत झकास. त्यापुढे चेन अडकते, मोटर धापा टाकते. तेलाची टाकी नाहीच, दर थोड्या वेळाने बाटलीतून थेंब सोडायचे. चेन दोनदा बारवरून उतरली, नशिबाने खालच्या बाजूला.

चांगल्या कंपनीचे मिनी नक्कीच बरे असतात. स्टिल जीटीए २६ चा बार १० सेंटिमीटर, बागेतल्या छाटणीसाठी उत्तम. पण मांडीएवढा ओंडका हे त्याचं काम नव्हे. आणि जे त्याचं काम आहे, ते काटकीताईंची घडीची करवत करतेच.

भटका_जीव

वा, बरंच कळलं. एका मित्राने एको सीएस-२५११ टी सुचवलाय. २५ सीसी, २.३ किलो. पेट्रोलमध्ये एवढा हलका दुसरा दिसत नाही. हा कसा?

रंधा

थांबा. तो घेऊ नका. मशीन उत्तम आहे, पण ते वर मूठ असलेलं आहे. झाडावर दोराला लटकून फांद्या उतरवणाऱ्या प्रशिक्षित माणसासाठी बनवलेलं. दोन्ही मुठी जवळजवळ, त्यामुळे सॉ उसळला तर आवरायला हाताला तरफ मिळत नाही. आणि हलका, आटोपशीर असल्याने तो एका हाताने चालवायचा मोह होतोच होतो. दुसऱ्या हाताने फांदी धरायची आणि एका हाताने कापायचं, डाव्या हाताच्या जखमा अशाच होतात. जमिनीवर उभं राहून जळण कापणाऱ्याने मागे मूठ असलेलाच सॉ घ्यावा. मिनी सॉबद्दलही माझी हीच तक्रार आहे, तो एका हाताचाच असतो आणि बऱ्याच स्वस्त मॉडेलना चेन ब्रेक, म्हणजे सॉ उसळताच चेन थांबवणारी सोय, नसतो.

नवखे आहात म्हणून उसळण्याबद्दल नीट लिहितो. बारच्या टोकाचा वरचा चतकोर भाग कशालाही टेकला, मागच्या ओंडक्याला, जमिनीवरच्या फांदीला, तर चेन तिथे लाकूड कापत नाही, लाकडावर चढायला बघते. सॉ क्षणात वर आणि मागे, तुमच्या तोंडाकडे येतो. हात आवरेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. म्हणून पुढच्या मुठीखालून अंगठा वळवून पक्की पकड, डावा कोपर सरळच्या जवळ, आणि डोकं बारच्या रेषेत नाही, थोडं बाजूला. चेन ब्रेक असलेला सॉ आणि कमी उसळणारी चेन, यावर तडजोड नको.

बार दहा ते बारा इंची. त्याहून लांब घेतलात की टोक कुठे टेकतंय ते दिसत नाही आणि वजन पुढे झुकतं. मांडीएवढा ओंडका बारा इंचांत आरामात बसतो.

काटकी

रंधा, हे वाचून माझी करवत आणखीच आवडायला लागली.

रंधा

करवतीने बोटं कापून घेतलेले लोक मीही पाहिले आहेत. :) तुमचा मुद्दा खोडत नाही, दंडाएवढ्या लाकडाला करवतच योग्य. फक्त कुऱ्हाडीपेक्षा चेनसॉ धोक्याचा आणि कुऱ्हाड निरुपद्रवी, असं कुणी समजू नये. अंधारात, दमलेल्या माणसाच्या हातात कुऱ्हाड मला जास्त भीतीदायक वाटते.

ओंडका कसा पडलाय ते आधी बघा. दोन्ही टोकं टेकलेली आणि मधे पोकळी असेल तर वरची बाजू दाबाखाली असते. वरून सरळ कापत गेलात तर फट मिटते आणि बार आत अडकतो. वरून तिसरा हिस्सा कापा, मग खालून. एक टोक अधांतरी असेल तर उलटं, आधी खालून तिसरा हिस्सा, मग वरून. खालून कापताना चेन सॉला तुमच्याकडे ढकलते, ते माहीत असू द्या.

ओंडका सपाट जमिनीवर पडलेला असेल तर दोन-तृतीयांश कापून थांबा, लोळवा आणि उरलेलं वरून कापा. चेन एकदा जरी मातीत घासली तरी धार गेली.

शेकोटीप्रेमी

धार गेली हे नवख्याला कळणार कसं?

रंधा

भुशाकडे बघायचं. धारदार चेन ढलप्या उडवते, नखाएवढे चपटे तुकडे पायांवर येऊन पडतात. बोथट चेन पिठासारखा बारीक भुसा काढते. तुम्हाला सॉ दाबावा लागतोय, काप एका बाजूला वळतोय, फटीतून धूर येतोय, तर थांबून कानस काढायची. तीन-अष्टमांश इंच लो-प्रोफाइल (कमी उंचीच्या दात्यांच्या) चेनला ४ मिलिमीटरची गोल कानस चालते. दात्यावर मागच्या बाजूला एक तिरकी खूण कोरलेली असते, त्याच कोनात कानस धरा, आतून बाहेर, पुढे ढकलताना घासा, परत आणताना उचला. सगळ्या दात्यांना सारखेच घास द्या, नाहीतर काप वाकडा जातो. एक बाजू झाली की सॉ फिरवून दुसरी. हातमोजे घालूनच. कॅम्पवर ओंडक्यात बार रोवून धरला की कानस मारायला बरं पडतं.

तेल उतरतंय का तेही बघा. बारचं टोक वाळक्या, फिकट बुंध्यापासून वीतभर लांब धरून ट्रिगर दाबा. काही क्षणांत बुंध्यावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. बॅटरीच्या सॉलाही चेन ऑइल लागतंच, हे बरेच जण विसरतात. ते शेवटी जंगलातच सांडणार, तेव्हा वनस्पतिजन्य, मातीत जिरणारं वापरा.

अवांतर_आजोबा

अवांतर: मंडळी एवढ्या तावातावाने बोलताहेत म्हणून जरा इतिहास. साखळीची करवत मुळात लाकडासाठी नव्हतीच. १८३० च्या सुमारास बर्नहार्ड हाइने या जर्मन गृहस्थांनी हाताने फिरवायची साखळी-करवत बनवली ती हाड कापायला. लाकडासाठी आंद्रेआस स्टिल यांचा विजेवरचा चेनसॉ आला १९२६ मध्ये, तोही दोन माणसांनी धरून चालवायचा. तेव्हा 'हलका कोणता' हा धागा निघाला असता तर उत्तरं एका ओळीत संपली असती.

आता रंधा ज्या दात्यांना कानस मारायला सांगताहेत ते दाते जो कॉक्स यांच्या डोक्यातून आले. १९४६ मध्ये त्यांनी लाकूड पोखरणारी एका भुंगेऱ्याची अळी पाहिली. ती उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी सहज खात जाते, कारण तिचे जबडे डावी-उजवीकडे आळीपाळीने कुरतडतात. आजच्या चेनमध्येही एक दाता डावा, एक उजवा असतो, तो त्यामुळे. चालू द्या.

सुरमई_संध्याकाळ

आजोबा, असं अवांतर रोज येऊ द्या.

टॉर्चवाला

संरक्षक पँट खरंच लागते का? दोन रात्रींच्या जळणासाठी?

रंधा

लागते. चेनसॉला रात्री मोजता येत नाहीत. पँटच्या आत लांब तंतूंचे थर असतात. चेन कापडात शिरली की ते तंतू बाहेर ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात) गुंततात आणि चेन थांबते. वर्ग १ म्हणजे सेकंदाला २० मीटर चेन-वेगाला तपासलेली. एक मर्यादा सांगतो. बॅटरीची मोटर थांबायच्या आत नेटाने ओढत राहू शकते, तेव्हा पँट आहे म्हणून बिनधास्त राहू नये. सोबत जाड बूट, डोळ्यांवर जाळी किंवा चष्मा. गटातले बाकीचे चांगले लांब, आणि तुकडा पायाने दाबून धरणारा 'मदतनीस' तर अजिबात नको. त्याऐवजी दोन फांद्यांची कात्री बांधून घोडी करा, ओंडका कमरेच्या उंचीला आला की पाठही वाचते.

आणि उभी वाळकी झाडं पाडायला जाऊ नका. त्यांचं लाकूड सगळ्यात कोरडं असतं, म्हणून मोह होतो. पण वरची कुजकी फांदी हादऱ्याने निसटून डोक्यात येते.

दोन_स्ट्रोक

पेट्रोल घेणाऱ्यांसाठी आणखी एक, मग मी गप्प. शेकोटी पेटल्यावर टाकी भरायची नाही. मशीन आधी गार होऊ द्या, आगीपासून चांगलं लांब जाऊन भरा, आणि भरलेल्या जागेपासून निदान तीन मीटर दूर येऊन सुरू करा. खरं म्हणजे कापाकापी उजेडातच उरकावी, मग हा प्रश्नच येत नाही.

शेकोटीप्रेमी

आणि ओलं लाकूड कापून काय उपयोग, हेही कुणी सांगा त्यांना. ताज्या लाकडाच्या वजनात निम्मं पाणीच असू शकतं, शेकोटी आधी ते उकळवत बसते. फांदी वाकवली की कडकन मोडली पाहिजे. जमिनीत निम्मा रुतलेल्या ओंडक्यापेक्षा दुसऱ्या फांद्यांवर अधांतरी पडलेला घ्या, तो वाऱ्याने वाळलेला असतो. साल सहज सुटत असेल आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज येत असेल, तर कापायला हरकत नाही.

भटका_जीव

सगळ्यांचे आभार. सांगतो काय ठरवलं. एकाकडे बॅटरीचं ड्रिल आहेच, त्याच बॅटरीवर चालणारा, मागे मूठ असलेला, बारा इंची आणि चेन ब्रेकवाला सॉ. दोन बॅटऱ्या. पँट आणि हेल्मेट त्याच खरेदीत, नंतर नाही. पण त्याआधी काटकीताईंची बिगबॉय घेतोय, एखादी सहल नुसती तिच्यावर काढून बघणार. तेवढ्यात भागलं तर सॉ राहूनच जाईल. घेतला तर चालवायला एकच जण, आणि तो आधी शिकून येणार.

काटकी

हा माझा विजय समजते.

दोन_स्ट्रोक

समजा. मोठा ओंडका दिसेपर्यंत.

भटका_जीव

शेवटचा प्रश्न, रंधा. जादा चेन मागवताना काय सांगायचं? नुसतं 'बारा इंची' पुरतं का?

रंधा

नाही पुरत. बारा इंची बारला वेगवेगळ्या लांबीच्या चेन येतात. तीन आकडे लागतात: पिच (दुव्यांमधलं अंतर), गेज आणि ड्राइव्ह लिंकची, म्हणजे बारच्या खोबणीत बसणाऱ्या दुव्यांची, संख्या. बहुतेक बारवर मुठीकडच्या टोकाला ते कोरलेले असतात. नसतील तर जुनी चेन काढून आतल्या बाजूचे टोकदार दुवे मोजा. नवी चेन पहिल्या काही कापांत सैल पडते, तेव्हा थांबून, गार झाल्यावर पुन्हा ताणायची. बारखालून लोंबता कामा नये आणि हातमोजा घालून ओढली की सहज सरकली पाहिजे. त्यावेळी बॅटरी काढून बाजूला ठेवलेली असू द्या.